मॅचच्या आधीचा कौल

"हात काढ."

खिएमचा हात तिथंच थांबला. एका हातात राउटर, दुसऱ्या हाताची बोटं पितरांच्या फळीवरच्या उदबत्तीच्या भांड्यावर. भांडं दोन बोटं डावीकडे सरकलेलं.

सरकलेलं म्हणजे, त्यानेच सरकवलेलं. वायर तेवढीच कमी पडत होती.

दारात आई उभी होती, कमरेवर उकडलेल्या शेंगांची टोपली.

"दोनच बोटं गं आई."

"वर्षाअखेरच्या साफसफाईशिवाय त्या भांड्याला कुणी शिवत नाही. हनोईत राहून एवढंही विसरलास? तुझे बाबा बसतात तिथं."

बसतात. भांड्यामागच्या फोटोत बाबा होते, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, पंचाशी भांडायला निघाल्यासारखे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

बारा टक्के.

तोवर फोनच्या हॉटस्पॉटवरून नव्या टीव्हीवर मॅचचं ॲप उतरत होतं. हा टीव्ही खिएमने हनोईहून बसच्या टपावर बांधून आणला होता. सामना साडेसातला. आत्ता चार वाजले होते.

बाबा असताना ही दोघं एकही सामना सोडत नसत. बाबा ओरडायचे. आई शेंगा सोलता सोलता ऑफसाइड ओळखायची, तेही पंचाच्या आधी. बाबा गेले आणि सामना असला की ती घराला कुलूप लावून बहिणीकडे जाऊ लागली. तिथंही स्वयंपाकघरात बसायची. जुना टीव्ही तिने कुणालातरी देऊन टाकला. सोमवारी खिएम परत जाणार होता. आज ती समोर बसली नाही, तर हाही टीव्ही कुणाच्या तरी घरी जाईल. आणि ती एकटी, चिडीचूप घरात.

"वहिनी, स्टुलं किती ठेवू?" शेजारचे क्वेत काका लाल प्लास्टिकच्या स्टुलांची चळत घेऊन आत आले. "काय रे खिएम, तुझं इंटरनेट गोगलगाईच्या पाठीवरून येतं म्हणे! आमच्याकडे गोल होऊन, नाचून, आंघोळी उरकतील, तरी तुझ्याकडे राष्ट्रगीतच चालू."

"वायर तर लावू द्या काका."

"लाव की. बापाच्या डोक्यावर लावतोस काय?"

मग त्यांना सरकलेलं भांडं दिसलं. स्टुलं हातातच राहिली.

"मी ह्यांना विचारते," आई म्हणाली.

तिने खणातून दोन जुनी नाणी काढली. दोन्हींची एकेक बाजू चुन्याने पांढरी केलेली. तीन उदबत्त्या लावल्या. हात जोडले. ओठ हलले. काय पुटपुटली ते कुणाला ऐकू गेलं नाही. कौल मनातच मागायचा असतो. एक नाणं पांढरं, एक काळं पडलं तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नाही.

बशीत टण्ण.

पांढरं. पांढरं.

"नाही," काका हळूच म्हणाले.

एकेचाळीस टक्के.

पुन्हा ओठ हलले. टण्ण. काळं. काळं.

"वहिनी, जिवंत असतानाही दादा पहिल्या दोनदा नाहीच म्हणायचे," काका म्हणाले. खिएमने फोटोकडे पाहिलं. *बाबा, प्लीज.*

तिसऱ्यांदा एक नाणं बशीच्या काठाने गरगरत गेलं. फिरत राहिलं. मग कललं.

पांढरं.

दुसरंही.

चौथ्यांदा विचारायचं नसतं.

आईने दोन्ही हातांनी भांडं जागेवर नेलं. पाठमोरीच राहून उदबत्त्या नीट केल्या. खिएम वायर गुंडाळू लागला. काकांनी स्टुलांची चळत पुन्हा छातीशी धरली आणि दाराकडे वळले.

शंभर टक्के. कुणी पाहिलं नाही.

"वायर का गुंडाळतोस?" आईने वळून विचारलं. तिचे डोळे ओले होते.

"बाबा नाही म्हणाले ना. एकदा नाही, तीनदा."

"मग?" तिने काकांच्या चळतीतलं वरचं स्टूल उचललं, टीव्हीसमोर ठेवलं, आणि टोपली मांडीवर घेऊन बसली. "राउटर खिडकीत ठेव, तिथं पोचते वायर. भाऊजी, तुम्ही कुठं निघालात?"

"पण आई, बाबांनी तर..."

"वायरचं त्यांना काय विचारायचंय? त्यांना कधी रिमोट तरी धड कळला का?" तिने शेंग फोडली. "पहिल्यांदा नाही म्हणाले, तेव्हा वाटलं, माझं मन राखतायत. म्हणून तीनदा विचारलं. अहो, तुमच्याशिवाय मॅच बघितली तर रागवाल का?"