कोरडं डोकं

"हार-जीत क्षुल्लक आहे. मी माणसं घडवतो," असं अमेरिकन फुटबॉलचे कोच ऑर्व्हिल टेग्टमायर आयोवातल्या त्या चिमुकल्या कॉलेजात वर्षानुवर्षं सांगत आले होते. जीत तिथे कुणी कधी पाहिलीच नव्हती; त्यामुळे ती क्षुल्लक आहे की नाही, हे ताडून बघायला मार्ग नव्हता.

आज सकाळी मात्र प्राचार्या हॅसकॅम्पबाई म्हणाल्या होत्या, "कोच, हा शेवटचा सामना तरी जिंका. नाहीतर सोमवारी किल्ल्या माझ्या टेबलावर."

आणि आता चक्क दोन गुणांची आघाडी होती. चेंडू पाहुण्यांकडे होता. गोलाच्या खांबांमधून लाथाडला तर तीन गुण, पण ते खांब इतके लांब, की लाथेने तिथवर काही पोचणार नव्हतं. थांबलेल्या घड्याळात दोन सेकंद उरले होते.

कोचच्या पाठीमागे बाकावरच्या पोरांची कुजबुज सुरू झाली. जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतायची, ही या खेळाची रीत. टेग्टमायरांचं डोकं आख्ख्या नोकरीत कोरडं राहिलेलं.

"अरे, संपली का मॅच?"

"संपलीच की! उचल ना, जाड्या!"

वळून नुसतं "थांबा रे" म्हटलं असतं तरी पुरे होतं. कोचनी चष्मा काढला, नीट पुसला आणि खिशात ठेवला. आता घड्याळ दिसत नव्हतं. मग ते दोन पावलं मैदानात सरकले. पोरांना हात मोकळा मिळावा म्हणून.

बादली आली. नोव्हेंबरातलं ते पाणी मानेतून थेट मोज्यांपर्यंत गेलं. कोच डोळे मिटून हसले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचाने दंडाचा पिवळा रुमाल फेकला. सामना संपायच्या आत बादलीसकट मैदानात घुसखोरी. दंड पंधरा यार्ड. पाहुणे तेवढे पुढे सरकले, खांब टप्प्यात आले, आणि लाथाडलेला चेंडू खांबांच्या मधोमध गेला. तीन गुण. खेळ खलास.

"कोच, माझ्यामुळे..." जाड्या हुंदके देत होता.

"गप रे. छान ओतलीस."

हॅसकॅम्पबाई प्रेक्षकांतून खाली उतरून आल्या. कोचचे दात वाजत होते.

"मॅडम, एक वर्ष द्या. गवत मीच कापतो, रेघा मीच मारतो, जर्सी आमची आर्लीन घरी धुते. या वयात मला दुसरं कोण घेणार? एकच वर्ष, मॅडम."

बाईंनी त्यांच्या निथळत्या जाकिटाकडे पाहिलं.

"कोच," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "ते जाकीट कॉलेजचं आहे. सोमवारी आणताना जरा वाळवून आणा."