गुढीचं लुगडं

मच्छिंद्रची गुढी गावात सगळ्यांत उंच. असणारच. कापडाचं कंट्रोलचं दुकान त्याच्याकडे. लढाईपायी लुगडं कार्डावर मिळायचं आणि कार्ड घेऊन गेलं तरी मच्छिंद्रच्या मनात आलं तरच मिळायचं.

भीमाबाई निघाली होती वरच्या आळीला, कुणाचं तरी लुगडं तासाभरासाठी मागायला. मच्छिंद्रच्या दारावरून जाताना तिची नजर वर गेली आणि ती जागीच थांबली.

काठीला हिरवं लुगडं, तांबडा काठ. निऱ्या घालून चापूनचोपून नेसवलेलं. वर कडूनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, पालथा तांब्या. काठाजवळ गिरणीचा काळा शिक्का.

हे लुगडं तिनं शुक्रवारी पाहिलं होतं. दुकानात तिची पाळी आली तेव्हा फळीवर हे एकच उरलं होतं. मच्छिंद्रने ते झटकन मांडीखाली घेतलं. म्हणाला, "फाटकं हाय. नगरला परत धाडायचं. पुढच्या गठ्ठ्याला ये."

असे खेटे ती तीन महिने घालत होती. घरात मायलेकींत मिळून धड लुगडं एकच. एक बाहेर पडली की दुसरीनं वाकळ गुंडाळून दाराआड बसायचं. आत्ताही मनकर्णा तशीच बसली होती, आणि आज सकाळीच तिला बघायला काष्टीचे पाहुणे यायचे होते. वाकळेतली पोर कुणापुढं उभी करणार? आणि इथं लाकूड नवं लुगडं नेसून उन्हात मिरवत होतं.

भीमाबाई सरळ अंगणात शिरली. मच्छिंद्रची आई बनुबाई शेजारच्या बायांच्या हातावर कडूनिंब आणि गूळ ठेवत होती. मच्छिंद्र जोत्यावर पान लावत बसला होता.

"आण्णा, हे लुगडं कुठलं?"

"कुठलं म्हंजे? घरचं हाय."

"शिक्का हाय त्याच्यावर."

"मंग? आमाला काय कार्ड न्हाई?"

"शुक्रवारी तुमी मांडीखाली घेतलं, ते हेच ना?"

मच्छिंद्रने पान तोंडात टाकलं. समोर भीमाबाईच तर होती, तिच्याशी खोटं बोलायलाही त्याला फार डोकं चालवावं लागत नसे. "व्हय, तेच हाय. फाटकं हुतं म्हनून तुला दिलं न्हाई. सनाच्या दिवशी काय हुज्जत घालतीस?"

बनुबाईचा हात थांबला.

"फाटकं?" ती म्हणाली. "गुढीला फाटकं नेसवलंस?"

जन्मभर तिनं गुढीला कोऱ्याशिवाय कापड लावलं नव्हतं. एका दुष्काळात नवं मिळालं नाही, तर लग्नातला न वापरलेला खण पेटीच्या तळातून काढला होता. बाया गुळाचा हात तसाच धरून मच्छिंद्रकडे बघायला लागल्या.

"न्हाई गं आये. फाटकं कशाला आसंल? घडी मोडली मी सकाळी. कोरं हाय."

"नक्की?"

"तुझ्या गळ्याची आन."

आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण आता उशीर झाला होता.

"मंग शुक्रवारी फाटकं कुनाचं हुतं रे मच्छिंदर?" भीमाबाई म्हणाली. 'आण्णा' म्हणणं आता गळून पडलं होतं.

मच्छिंद्र उठला. आवाज चढवला. "ते आता देवाचं झालं. सांज झाल्याबिगर गुढी उतरवत न्हाईत, येवढं तरी तुला म्हाईत हाय का न्हाई? सांच्याला ये. बघू."

तेवढ्यात लग्न जुळवणारा आसाराम धापा टाकत आला. "भीमाबाई, हिकडं काय करतीस? पावनं वेशीत आलं. बैल सोडत्यात. पोर तयार हाय ना?"

भीमाबाईनं मच्छिंद्रवरची नजर काढली नाही.

"त्यांना हिकडंच आन, आसाराम. पोर तिकडं वाकळंत बसलीय. तिचं लुगडं हिथं काठीला हाय. दोन्ही बघून जावा म्हनावं."

आसारामला काही कळेना. त्यानं गुढीकडे पाहिलं, मग मच्छिंद्रकडे, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. मच्छिंद्र पानाचा रस गिळायचं विसरला होता.

बनुबाईनं हातातली वाटी जोत्यावर ठेवली. पदर खोचला. दोन्ही हातांनी काठी आडवी केली तेव्हा पालथा तांब्या निसटून फरशीवर आपटला आणि गडगडत दारापर्यंत गेला. ऊन अजून जोत्यावर चढलं नव्हतं. पाडव्याची गुढी एवढ्या सकाळी उतरलेली त्या अंगणानं कधी पाहिली नव्हती. बनुबाईनं सुतळी सोडली, लुगडं झटकून त्याची घडी केली आणि ते भीमाबाईच्या हातात दिलं.

भीमाबाईनं कनवटीची गाठ सोडली. तीन महिने बांधून ठेवलेले पैसे जोत्यावर ठेवले, आणि आसारामच्या पुढं चालू लागली. आभार मानायला ती थांबली नाही. कशाचे मानायचे?

मच्छिंद्र काठी उचलून आत न्यायला लागला.

"कुठं नेतोस?" बनुबाई म्हणाली. "उभी कर ती. तशीच. सांज झाल्याबिगर उतरवत न्हाईत."