शंभरपैकी अकरा

समिधाच्या सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण लाल पेन सुटलं नाही. सुनेची भाकरी, इस्त्री, बोलणं, सगळंच त्यांच्याकडे नापास व्हायचं. तिच्या स्तनातली गाठ काढल्यावर त्यांनी काशीमीऱ्याहून डोक्याला बांधायचा स्कार्फ आणला. "केमोत केस जातातच. आतापासून सवय कर." आज गाठीच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला, तोही त्यांनीच आधी उघडला. "शंभरपैकी अकरा," त्या चहाचा घोट घेत म्हणाल्या, "इथंही नापासच." समिधाने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "अकरा? मस्तच," डॉक्टर म्हणाल्या. "आकडा जितका कमी, तितकी आजार उलटायची भीती कमी. केमो नको, गोळ्यांवर भागेल." सासूबाईंच्या हातातला कप हिंदकळला, चहा टेबलावर सांडला. समिधाने लांबसडक वेणी पाठीवर टाकली, नवाकोरा स्कार्फ घेऊन टेबल पुसलं आणि तो पिळून त्यांच्याच खुर्चीवर वाळत घातला.