शब्दाची फोड

अण्णांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं सगळं पलंगावरच. त्या सकाळी त्यांचं करणारी बाई आली नाही आणि चादर खराब झाली. धाकटा भाऊ आणि मी नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिलो.

"तू मोठा आहेस, तू कर," तो म्हणाला.

मला नुसत्या वासानंच मळमळत होतं. दुसरी बाई मिळते का म्हणून मी फोन लावत बसलो. अण्णा तासभर तसेच पडून होते.

त्यांचं कण्हणं ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर खाली आले. जिन्यात भेटले तरी मान वळवणारा माणूस! "गरम पाणी आणा," एवढंच बोलले. बाह्या सरसावून त्यांनी अण्णांना पुसलं, कुशीवर वळवून चादर बदलली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

"कमाल आहे," भाऊ म्हणाला. "एवढा माणूसघाणा, आणि..."

अण्णांनी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. छताकडे बघत ते म्हणाले, "आधी शब्दाची फोड कर. ज्याला माणसाची घाण येते, तो माणूसघाणा."



मग आमच्याकडे बघून म्हणाले, "असे दोघं माझ्याच पोटी जन्मले."