सोफ्यावरून शिखर

शनिवारी सकाळी अकरा वाजता आईने गेममधलं बर्फाचं शिखर गाठलं.

माझा हा सर्वांत आवडता गेम. मला त्यातल्या लढाया भारी वाटायच्या; डोंगर म्हणजे नुसती सजावट. आईने एकही लढाई केली नाही. राक्षस दिसला की ती लांबून वळसा घ्यायची. “झोपलाय बिचारा, कशाला उठवायचं?”

वर पोचताच तिने देवळात शिरताना काढतात तशा पायातल्या सपाता काढल्या. पडद्यावर खाली ढगच ढग पसरले होते. इतक्या वर्षांत मी इथे कधी आलेच नव्हते.

“कळसूबाईला तर शिड्या होत्या गं,” ती म्हणाली. “तरी मी मागे फिरले.”

गुडघ्यांच्या ऑपरेशनला ती दोन वर्षं नाही म्हणत होती.

“डॉक्टरांना फोन लाव,” आई म्हणाली.

रिंग वाजते आहे.