उजवी कूस

काळा चष्मा लावल्याशिवाय हाजी झगलूल दवाखान्यात यायला तयार होईनात. तो शेवटचा साधा दिवस होता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून नज्वाला वडिलांवर चिडता आलं.

"बाबा, खुब्याच्या दुखण्याला चष्मा कशाला?"

"कुणी ओळखलं म्हणजे?"

दुखत होतं ते उजव्या खुब्यात, बाहेरच्या अंगाला. तळमजल्यावरच्या शेजारणीनं, उम्म रऊफनं, त्यांना जिना चढताना पाहून, कुणी न विचारता, निदान करून टाकलं होतं. इर्क-उन-निसा. इर्क म्हणजे शीर आणि निसा म्हणजे बायका. अलेक्झांड्रियाच्या बंदरात जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला बायकांची शीर! त्याच संध्याकाळी हाजींनी कहवाखान्यात आपल्या लंगडण्याचं कारण जाहीर केलं. तरुणपणी अडवलेली पेनल्टी. त्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. घरी येऊन त्यांनी नज्वाला शपथ घातली होती, "आईच्या कबरीची आण आहे तुला. हे बाहेर बोलायचं नाही."

दवाखान्यात समोर डॉक्टर शहीरा बसलेली पाहिली आणि हाजी दारातूनच वळले. नज्वा मागे उंबरठा अडवून उभी होती.

"या ना काका. कुठं दुखतं?"

हाजींनी लेकीकडे पाहिलं. "सांग तू."

"मला शपथ आहे."

हाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग टेबलावर वाकून कुजबुजले, "ती शीर आहे. तुमची."

"माझी?"

"म्हणजे, तुम्हा लोकांची."

शहीरानं हसू गिळलं, त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं आणि उजव्या खुब्याच्या हाडावर अंगठा दाबला. हाजी असे ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली.

"काका, पहिली गोष्ट. तो शब्द नसा आहे, निसा नाही. नसा ही मांडीतली नस, सायटिकाची. बायकांचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, तुम्हाला ते झालेलंच नाही. स्नायू हाडाला जिथं बांधलेला असतो तिथली कंडरा दुखावलीय. जाड दोर समजा."

"दोर!" हाजी उठून बसले. "मग असं सांगा की. क्रेनचाच दोर. मर्दाचं दुखणं आहे."

"होतं की पुरुषांनाही," शहीरा म्हणाली. "पण माझ्याकडे येतात त्या बहुतेक बायकाच."

हाजींनी चष्मा पुन्हा लावला.

"लवकर आलात हे फार बरं केलंत. लोक वर्षभर मलम चोळत बसतात आणि अगदीच चालवेना की मग येतात. आता पायावर पाय टाकून बसायचं नाही. एकाच पायावर भार देऊन उभं राहायचं नाही. हा व्यायाम रोज, हळूहळू वाढवत. आणि उजव्या कुशीवर झोपायचं नाही. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी."

"उजव्या कुशीवर नाही? पोरी, कबरीत उजव्याच कुशीवर ठेवतात. तिथं काय करू?"

"त्याच्या आत बरे व्हाल, काका. त्यासाठीच तर लवकर यायचं."

हाजी इतके हसले की खुबा पुन्हा ठणकला.

परतताना ते कहवाखान्यात टेकले. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे जुळवून. समोर डॉमिनो मांडून बसलेल्या अब्दुश्शाफीनं हुक्क्याची नळी तोंडातून काढली.

"काय रे झगलूल, फोटो काढायला बसलायस का?"

"पेनल्टीचा पाय आहे. डॉक्टर म्हणाला, जपा."

"म्हणाला का?" नज्वा म्हणाली.

बाबांनी टेबलाखालून तिला कोपरानं ढोसलं.

झोपताना त्यांनी उशीला बरीच नावं ठेवली. सकाळी नज्वा चहा घेऊन गेली तेव्हा ते डाव्या कुशीवर होते, उशी जागच्या जागी. इतकं कुणाचं ऐकताना त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं दोनदा हाक मारली. मग चहा खिडकीत ठेवला.

हृदय बंद पडलं, असं शेजारचे डॉक्टर म्हणाले. खुब्याचा काही संबंध नव्हता.

दुपारच्या नमाजानंतर आईचीच कबर उघडली, अख्ख्या कुटुंबाची एकच, तळघरासारखी. बायका मागे, भिंतीच्या सावलीत थांबल्या. उम्म रऊफनं नज्वाचा दंड धरून ठेवला होता. कहवाखाना सगळा आला होता. पुढे अब्दुश्शाफी, डोळे सुजलेले, पायांकडची बाजू धरून.

"सांभाळा रे," तो बाकीच्यांना म्हणाला. "पेनल्टीचा पाय आहे तो."

माणसं त्यांना घेऊन पायाकडून हळूहळू आत उतरली. कबर खणणारा वरून सांगत होता, "वळवा. उजव्या कुशीवर घ्या. उजव्या."

नज्वानं दंड सोडवून घेतला. भिंतीपासून कबरीपर्यंत ती कशी आली ते तिला कळलं नाही. पुरुष बाजूला झाले.

"पेनल्टी नव्हती," ती म्हणाली. आवाज अख्ख्या कबरस्तानात गेला. "खुबा आहे. उजवा. त्या कुशीवर दुखतं त्यांना. हळू ठेवा."