चौथा तारा

ऐकून कुणाचाही विश्वास बसायचा नाही, पण ज्या माणसाच्या पंधरा शब्दांनी एका तीन मजली थिएटरचं गोदाम झालं आणि पुढे त्या गोदामातला मालही कुजला, तो माणूस गुरुवारी दुपारी स्वतःच्याच दाराची बेल वाजवायला घाबरत उभा होता.

या सिनेमा-समीक्षकाच्या कोटाच्या आतल्या खिशात दवाखान्याचं पाकीट होतं. डॉक्टरांनी त्यातला कागद त्याला दोनदा वाचून दाखवला होता. ‘फार तर उन्हाळ्यापर्यंत,’ असं म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला. अभिनय बरा आहे, असं समीक्षकाच्या मनात येऊन गेलं. मेली सवय जात नाही.

बायकोला सांगायचं तर होतंच, पण आज नाही. रविवारी मुलगी येणार होती. ती आली की दोघींना एकदमच सांगू, म्हणजे एकमेकींना धरायला तरी असतील. तोवर तीन दिवस रेटायचे. त्यानं बेल वाजवली.

“दवाखान्यातून रिपोर्ट मिळाला?” दार उघडताच बायकोनं विचारलं.

“पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मशीन बंद पडलंय त्यांचं.”

“आणि सिनेमे?”

“पाहिले की. काल तीन, आज दोन.”

दोन्ही दिवस तो दवाखान्याच्या बाकावर बसून होता. थिएटरची पायरीसुद्धा चढला नव्हता.

बायकोनं टेबलावरचे कप बाजूला सारले आणि वर्तमानपत्राच्या कचेरीनं दिलेला छापील तक्ता पुढे ओढला. पाच सिनेमे, प्रत्येकी पंधरा शब्द, शेजारी पाच पोकळ तारे. तो सांगायचा, ती लिहायची, बोटांवर शब्द मोजायची आणि तो म्हणेल तेवढे तारे काळ्या पेनानं भरायची. चार वाजता कचेरीचा माणूस येऊन तक्ता घेऊन जायचा. एकतीस वर्षं हीच रीत. एवढ्या वर्षांत चौथा तारा कधी भरावा लागला नव्हता. पेनं पुष्कळ टिकायची.

“सांगा. पहिला भुताचा ना?”

समीक्षकानं डोळे मिटले. येताना बसच्या खिडकीतून भिंतीवरच्या जाहिराती दिसल्या होत्या, तेवढंच भांडवल. न पाहिलेल्या सिनेमाचं कौतुक करता येतं. जगातलं निम्मं कौतुक तसंच होतं. पण न पाहता शिवी घालणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. थाप मारायची तीही इमानानं.

“लिही. भूत घाबरवत नाही, सोबत करतं. दार वाजलं की आपणच उठून उघडावंसं वाटतं. शेवटी हुरहूर लागते.”

तिनं बोटं मोजली. “पंधरा. तारे?”

“तीन.”

पेन जरासं थबकलं, मग चाललं. “वकिलाचा?”

“वकील खटला हरतो, पण घरी जाताना बायकोसाठी फुलं घेतो. एवढ्या एका दृश्यासाठी तरी सिनेमा पाहावा.”

“फुलं घेतो?”

“घेतो.”

“गेल्या वर्षी असाच एक फुलं घेऊन आला होता, त्याला तुम्ही चालती कुंडी म्हणाला होतात.”

“त्याची फुलं कागदाची होती. चार.”

“चार काय?”

“तारे, अगं.”

तिनं चौथा तारा भरला, पण शाई रेषेबाहेर गेली. हाताला त्या जागेची सवयच नव्हती.

“घोड्याचा कसा होता?” तिनं वर न बघता विचारलं.

“तुझा विश्वास बसणार नाही. घोडा मरतो ना, तेव्हा थिएटरचा दिवे लावणारा माणूस इतका रडला, की सिनेमा संपला तरी दिवे लागेनात. अर्धा तास आम्ही सगळे अंधारात बसून होतो. कुणी हूं की चूं केलं नाही.”

“मग बाहेर कसे आलात?”

“हात धरून. ज्याला जो सापडला त्याचा.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलावरचा कप फिरवत होता.

“हे सगळं लिहू? पंधरात बसायचं नाही.”

“काटछाट कर. अंधार तेवढा ठेव.”

दोन भावांच्या सिनेमालाही चार तारे मिळाले. धाकटा भाऊ काहीच बोलत नाही आणि ते बरं दिसतं, एवढंच त्यानं सांगितलं. उरला विनोदी.

“हसलो,” तो म्हणाला.

“बाकीचे चौदा शब्द?”

“नकोत.”

“तारे?”

“सगळे दे.”

तिनं पाचही तारे भरले. सावकाश, एकही कोपरा न सोडता. मग पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात बेल वाजली. कचेरीचा माणूस आला होता. समीक्षक उठायला लागला. बायको जागची हलली नाही, आणि तिनं तक्ताही सोडला नाही.

“बसा,” ती म्हणाली. “पोरगी सात वर्षांची असताना शाळेच्या नाटकात झाड झाली होती, तिला तुम्ही दोन तारे दिले होते. दोन दिवस जेवली नव्हती ती.”

“झाड फार हलत होतं.”

“एकतीस वर्षांत लागोपाठ दोन सिनेमे तुम्हाला कधी आवडले नाहीत. आज पाचही आवडले.”

बेल पुन्हा वाजली. तिनं त्याच्या कोटाकडे हात पुढे केला.

“एकही पाहिलेला नाही तुम्ही. द्या तो कागद इकडे.”